मनमाडला गाडी बदलून हायकोर्ट

सेशन कोर्टाचा न्यायाधीश फाशीची शिक्षा सुनावू शकतो, अमलात आणू शकत नाही. निकाल वाचून झाला की त्याच्या कार्यालयाला खटल्याचे सगळे दप्तर बांधावे लागते. फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांच्या जबान्या, शवविच्छेदनाचे अहवाल, मुद्देमालाची यादी आणि शेवटी निकालपत्र, असे ते दप्तर हायकोर्टाकडे रवाना होते. आरोपीने अपील केले नाही, वकील दिला नाही, मला मरायचेच आहे म्हणून हात वर केले, तरी ते जातेच. तिथे किमान दोन न्यायमूर्तींनी ते वाचून शिक्कामोर्तब करायचे असते. दोघांची मते फुटली तर तिसऱ्याकडे. शिक्षा कायम करता येते, कमी करता येते, खटला नव्याने चालवायला सांगता येतो, वाटल्यास आणखी पुरावा घेता येतो आणि आरोपीला निर्दोष सोडताही येते. जन्मठेपेच्या अपिलातही हायकोर्ट पुरावा पहिल्या पानापासून तपासते. त्यापुढे सुप्रीम कोर्ट आहे, पण साक्षीपुरावा पुन्हा चाळणे हे त्याचे रोजचे काम नाही. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात पुराव्याचे दुसरे आणि बहुतेक वेळा शेवटचे सविस्तर वाचन हायकोर्टातच होते.

कायद्याच्या पुस्तकात हे चार-दोन कलमांत मावते. ते हायकोर्ट आहे कुठे, हे मात्र पुस्तक सांगत नाही. मुंबईकराला हा प्रश्न कधी पडला नाही. मराठवाड्याला पडला, आणि त्याचे उत्तर पाऊणशे वर्षांच्या आत दोनदा बदलले. आधी हैदराबाद, मग मुंबई, मग औरंगाबाद. (शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. इथे त्या त्या काळचे नाव ठेवले आहे.)

मुसी नदीच्या काठावर

मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात न्यायव्यवस्थेची घडी बसवली ती पहिल्या सालारजंगाने. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे तो दिवाण होता. महसुलासाठी त्याने जिल्हे आखले, त्या जिल्ह्यांवर सुभे बसवले आणि त्यांच्याबरोबर न्यायालयांची उतरंडही उभी राहिली. औरंगाबाद हे सुभ्याचे ठिकाण. अठराव्या शतकात आसफजाही राज्याची गादीच इथे होती. ती हैदराबादला गेल्यावर शहराकडे मान राहिला, सत्ता गेली. न्यायाच्या बाबतीतही तेच झाले. खून-दरोड्यांचे खटले जिल्ह्यात आणि सुभ्यात चालत, पण शेवटचा शब्द हैदराबादचा. तिथल्या हायकोर्टाची मुसीकाठची लाल-गुलाबी दगडाची इमारत व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने आखली आणि १९२० च्या सुमारास ती पुरी झाली. हायकोर्टाच्याही वर राज्याची न्यायिक समिती होती, ब्रिटिश हिंदुस्थानाला लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती तशी. फाशीवर अखेरची मोहोर खुद्द निजामाची.

या व्यवस्थेची एक बाजू मान्य केली पाहिजे. दंडाधिकाऱ्याचे काम महसुली अंमलदाराकडून काढून न्यायखात्याकडे देण्याचा निर्णय हैदराबाद संस्थानाने १९२१ च्या सुमारास घेतला. ब्रिटिश प्रांतांमध्ये कलेक्टरच पोलिसांचा वरिष्ठ आणि कलेक्टरच दंडाधिकारी, हा प्रकार त्यानंतरही अनेक वर्षे चालू होता. निजामशाही म्हणजे सगळा अंधार, असे समजणाऱ्यांना हे पचत नाही, पण ते आहे.

दुसरी बाजू भाषेची. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. परभणीचा किंवा बीडचा शेतकरी मराठीत बोलणार, ते उर्दूत उतरणार, त्यावर उर्दूत उलटतपासणी होणार आणि उर्दूत निकाल लागणार. आपण काय सांगितले आणि कागदावर काय चढले, हे त्याला वाचता येत नसे. चोरी-मारामारीत यामुळे दंड वाढला असेल. खुनाच्या खटल्यात एका क्रियापदाने माणूस जातो.

जाणे-येणे मात्र सोयीचे होते. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन झाली. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत ती सरळ हैदराबादला पोचत होती. नांदेडचा पक्षकार रात्री गाडीत बसला की गाडी न बदलता राजधानीत उतरे. मराठवाड्याचे वकील हैदराबादेत शिकले, तिथेच त्यांनी सनदा घेतल्या आणि तिथेच त्यांच्या ओळखी झाल्या.

१९४८: लष्करी राजवटीतली न्यायालये

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्यापुढे दोन तऱ्हेचे आरोपी होते. एकीकडे निजामाच्या बाजूने लढलेले रझाकार, दुसरीकडे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातले कम्युनिस्ट शेतकरी. दोघांसाठी विशेष न्यायाधिकरणे नेमली गेली. नेहमीचे सेशन कोर्ट बाजूला, नेहमीची कार्यपद्धती आखूड.

रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. मराठवाड्यातल्या कोर्टांमध्ये वकिली केलेल्या माणसावर आता विशेष न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची वेळ आली होती. जानेवारी १९४८ मधल्या बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात १९५० साली त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पण खटला चालू असतानाच, २६ जानेवारी १९५० रोजी देशात राज्यघटना लागू झाली होती. कायद्यापुढे सगळे समान, असे ती म्हणते; मग याच आरोपीला वेगळी, आखूड कार्यपद्धती का? हा मुद्दा सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी १९५३ मध्ये तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि शिक्षा टिकली. विरोधी मत देणाऱ्यांत न्या. विवियन बोस होते, नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. रझवीबद्दल कुणाला कणव असण्याचे कारण नव्हते, बोसांनाही नसावी. तरी ज्याचा सगळ्यांना तिटकारा आहे त्याला समान कार्यपद्धती मिळते का, यावर त्यांनी बोट ठेवले. मला तो निकाल त्या दशकातल्या महत्त्वाच्या निकालांपैकी वाटतो आणि त्यातले अल्पमत बहुमतापेक्षा जास्त पटते.

तेलंगणाच्या शेतकऱ्यांची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधिकरणांनी बारा जणांना फाशी सुनावली. डिसेंबर १९४९ मध्ये हैदराबाद हायकोर्टाने त्यांची अपिले फेटाळली. घटना लागू व्हायला तेव्हा महिना-दीड महिना उरला होता. त्यांचे म्हणणे मांडायला इंग्लंडहून डी. एन. प्रिट हा नामांकित बॅरिस्टर आला. १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की अपील ऐकण्याचा आम्हाला अधिकारच नाही, कारण त्या हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा ते भारतीय संघराज्याच्या प्रदेशातले न्यायालय नव्हते. म्हणजे हेच निकालपत्र काही आठवडे उशिरा लागते, तर दिल्लीचे दार उघडे होते. पुढे या फाशा जन्मठेपेत बदलल्या गेल्या, पण तो निर्णय कोर्टाचा नव्हता, सरकारचा होता.

गाडीची दिशा फिरली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. भाषा एक झाली, सगळ्यांनी पेढे वाटले. त्याच दिवशी या पाच जिल्ह्यांचे हायकोर्ट हैदराबादहून उठून मुंबईच्या फोर्टात गेले.

त्याच सुमाराला विदर्भ आणि सौराष्ट्रही मुंबई राज्यात आले होते. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खालचा आपला अधिकार वापरून नागपूरला आणि राजकोटला न्यायमूर्ती बसवले. नागपूरकडे स्वतःचे हायकोर्ट होते, १९५३ चा नागपूर करार होता आणि गमावलेल्या राजधानीची भरपाई मागण्याची ताकद होती. मराठवाडा बिनशर्त सामील झाला होता. बिनशर्त येणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते मराठवाड्याने पुढे पाणी, रेल्वे, नोकऱ्या अशा बऱ्याच बाबतीत पाहिले. हायकोर्टाचा क्रमांक त्यात लवकर लागला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा नागपूर खंडपीठ कायद्यानेच कायम झाले आणि औरंगाबाद होते तिथेच राहिले.

आता गाडी उलट दिशेने पकडायची होती. रूळ तेच, निजामाच्या काळातले मीटरगेज. ते मनमाडला संपत. तिथे उतरायचे, बोचकी आणि कागदांची पिशवी घेऊन पलीकडच्या फलाटावर जायचे आणि मुंबईची मोठ्या रुळावरची गाडी येईपर्यंत थांबायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रुंदीकरण होईपर्यंत हे चालले. परभणीहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. दिवाणी दाव्यात पक्षकार वकिलावर सोपवून घरी बसू शकतो. खुनाच्या अपिलात आरोपी तुरुंगात असतो आणि धावपळ करणारा बहुधा म्हातारा बाप नाहीतर धाकटा भाऊ असतो. मुंबईत वकील शोधा, त्याची फी द्या, तारीख कधी आहे ते विचारायला पुन्हा या, आणि आल्यावर कळते की आज बोर्डावर प्रकरण पोचलेच नाही. रात्री मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न वेगळा.

वकिलांच्या एका पिढीचीही ओढाताण झाली. उर्दूत शिकलेल्या, हैदराबादच्या रिवाजात वाढलेल्या माणसांना इंग्रजीत आणि मुंबईच्या रिवाजात काम करायचे होते. पुष्कळांनी आपले पक्षकार मुंबईच्या वकिलाकडे सोपवले. मराठीतल्या जबान्यांचे इंग्रजी भाषांतर करून हायकोर्टासाठी पेपरबुक तयार होते. ज्याने साक्षीदाराला परभणीत समोर उभे राहिलेले पाहिले तो वकील आणि पेपरबुकावर युक्तिवाद करणारा वकील, हे दोघे आता वेगळे झाले.

मानवत

या अंतराची आणि हायकोर्टाच्या दुसऱ्या वाचनाची, दोन्हींची कसोटी लागली ती परभणी जिल्ह्यातल्या एका खटल्यात.

१९७२ चा दुष्काळ. त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत मानवत आणि परिसरात दहा खून झाले. मेलेल्यांत दहा-दहा वर्षांच्या मुली होत्या, बायका होत्या, एक तान्हे मूलही होते. लोकांनी शेतात एकटे जाणे सोडले, मुलींना बाहेर पाठवणे सोडले. विधानसभेत आरडाओरडा झाला. स्थानिक पोलिसांच्या हातून तपास पुढे सरकेना, तेव्हा मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाठवले गेले. रामन राघवच्या तपासाने त्यांचे नाव आधीच झाले होते. सरकारपक्षाने जी कथा कोर्टापुढे मांडली तिच्यात गुप्तधन होते, पिंपळावरचा मुंजा होता आणि त्याला प्रसन्न करण्यासाठी दिलेले बळी होते. ज्यांच्यासाठी हे बळी दिले गेले असे म्हटले गेले ती दोन माणसे गावातली वजनदार, आणि प्रत्यक्ष खून केल्याचा आरोप होता तो त्यांच्या ताबेदारीतल्या गोरगरिबांवर.

अठरा जणांना आरोपी केले गेले. त्यातले दोघे माफीचे साक्षीदार झाले. खटला परभणीच्या सेशन कोर्टात चालला, आणि तो ऐकायला लोटलेली गर्दी परभणीकर अजून सांगतात. सेशन कोर्टाने त्या दोन प्रमुख आरोपींसह अनेकांना दोषी ठरवले. फाशी होती, म्हणजे दप्तर मुंबईला जाणार हे ओघाने आले. मानवत रोड हे स्टेशन याच मीटरगेजवर आहे.

मुंबईत दुसरे वाचन झाले आणि चित्र पालटले. ज्यांच्या नावाने सारा मराठवाडा बोटे मोडत होता ते दोन प्रमुख आरोपी हायकोर्टाने निर्दोष सोडले. बाकीच्या काहींची शिक्षा राहिली. सरकार आणि शिक्षा झालेले आरोपी, दोघेही दिल्लीला गेले. १९ एप्रिल १९७७ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. तो न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. त्या दोघांची सुटका कायम राहिली.

परभणीत यावर काय म्हटले गेले असेल याची कल्पना करता येते: करणारे लटकले आणि करवणारे सुटले. ही तक्रार भावनेच्या पातळीवर खोटी म्हणता येणार नाही. पण निकाल ज्या नियमावर उभा आहे तो समजून घेतला पाहिजे. माफीचा साक्षीदार हा स्वतःच्या तोंडाने गुन्हेगार असतो. स्वतःची मान सोडवण्यासाठी तो बोलतो, आणि पोलिसांना हवे ते नाव त्याच्या तोंडी येण्याची शक्यता कायम असते. म्हणून त्याच्या जबानीला बाहेरचा, स्वतंत्र आधार लागतो, आणि तो आधार प्रत्येक आरोपीपुरता वेगवेगळा तपासावा लागतो. खून झाला हे सिद्ध होणे वेगळे आणि या माणसाने तो करवला हे सिद्ध होणे वेगळे. ज्या गावात पुरावा गोळा झाला त्या गावाचा संताप पुराव्यातही उतरतो. मुंबईचे न्यायमूर्ती त्या संतापापासून साडेपाचशे किलोमीटर लांब होते. इथे ते अंतर कामी आले, हेही नोंदवायला हवे. खंडपीठाची मागणी करणाऱ्यांना हा मुद्दा कधी आवडला नाही.

याच निकालातला दुसरा भाग वकिलांना पाठ असतो. १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली होती. तिच्यात नवी तरतूद अशी, की दोषी ठरवल्यावर शिक्षा किती द्यायची यावर आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यायचे. हा सोपस्कार पाळलाच गेला नसेल तर काय? दर वेळी खटला खाली परत पाठवायचा का? चंद्रचूडांनी सांगितले की तसे बंधन नाही. वरचे कोर्ट स्वतः त्याला ऐकून घेऊ शकते, पण ते ऐकणे मनापासूनचे हवे, नावापुरते नको. देशभरातल्या फाशीच्या खटल्यांत हा उतारा पुढे वापरला गेला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या बच्चनसिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरती राखली, त्या वाटेवर परभणीच्या या खटल्याचाही एक दगड आहे.

एका कलमावरचे खंडपीठ

१९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले. रेल्वेचे रुंदीकरण, शिक्षण, नोकऱ्या यांच्या त्या वातावरणात हायकोर्टाच्या खंडपीठाची मागणीही जोर धरत गेली. वकील संघांनी ठराव केले, आमदारांनी प्रश्न विचारले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारने औरंगाबादला कायम खंडपीठ द्यावे अशी शिफारस केंद्राकडे केली. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. फाइल दिल्लीत पडून राहिली.

मग मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी छागलांचीच वाट धरली. कलम ५१(३) सांगते की राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या ठिकाणीही हायकोर्टाचे न्यायमूर्ती बसू शकतात. केंद्राची गरज नाही. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला हायकोर्टाचे कामकाज सुरू झाले. अ. र. अंतुले तेव्हा मुख्यमंत्री होते.

चार महिने गेले नाहीत तोच घाव बसला. काही वकिलांनी या आदेशाला मुंबई हायकोर्टात आव्हान दिले. हे कलम १९५६ च्या संक्रमणकाळापुरते होते, पंचवीस वर्षांनी ते उकरून काढता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. डिसेंबर १९८१ मध्ये मुंबई हायकोर्टानेच आपल्या मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द ठरवला. एखाद्या संस्थेने स्वतःच्या प्रमुखाविरुद्ध असा निकाल द्यावा हे संस्थेच्या तब्येतीचे लक्षण म्हणायचे की मुंबईच्या बारची सोय, यावर औरंगाबादेत त्या हिवाळ्यात काय चर्चा झाली असेल ते वेगळे सांगायला नको.

राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. १९८२ मध्ये न्या. ए. पी. सेन यांनी लिहिलेल्या निकालाने हायकोर्टाचा निर्णय फिरवला. कलम ५१(३) खालचा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार कालबाह्य झालेला नाही, तो चालू आहे. औरंगाबादला बसणारे न्यायमूर्ती मुंबई हायकोर्टाचेच न्यायमूर्ती आहेत आणि तिथल्या जिल्ह्यांची प्रकरणे तिथे ऐकण्यात बेकायदा काही नाही. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये राष्ट्रपतींची अधिसूचना निघाली आणि खंडपीठ कायम झाले.

आज या खंडपीठाकडे बारा जिल्हे आहेत. मराठवाड्याचे आठ आणि शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार. अक्कलकुव्याच्या सातपुड्यापासून किनवटच्या जंगलापर्यंतचा खून, दरोडा, अत्याचार, कोठडीतला मृत्यू जालना रोडवरच्या इमारतीत येतो.

जवळ आल्यावर काय झाले

खंडपीठ आल्याने सेशन कोर्टांचे निकाल लवकर तपासले जाऊ लागले, असे सरसकट म्हणता येत नाही. कोपर्डीच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणाचेच पाहा. जुलै २०१६ मधला गुन्हा, नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सेशन कोर्टाने तिघांना फाशी सुनावली. सोळा महिन्यांत खटला संपला म्हणून कौतुक झाले. पुढे हायकोर्टातले शिक्कामोर्तब रखडत राहिले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिघांपैकी एक जण येरवड्यात मृतावस्थेत सापडला, तेव्हाही ते झालेले नव्हते. पीडितेच्या घरच्यांनी काय मोजले असेल, ती वर्षे त्यांनाच ठाऊक. खालच्या कोर्टाला वेग दिला आणि वर न्यायमूर्तींच्या जागा रिकाम्या ठेवल्या, तर पाणी तुंबण्याची जागा फक्त बदलते.

वरचे कोर्ट म्हणजे बिनचूक कोर्ट, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरिबांना सेशन कोर्टाने २००६ मध्ये फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना पुन्हा फाशीवर नेले. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने, आपलाच निकाल मागे घेऊन, सहाही जण निर्दोष असल्याचे सांगितले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षे गेली होती. तीन पायऱ्या चढून झाल्यावर चौथ्या वाचनात सापडलेली ही चूक आहे. वाचन जितक्या वेळा होईल तितके बरे, एवढेच त्यातून मी घेतो.

पण काही गोष्टी हायकोर्ट जवळ असल्याखेरीज घडल्या नसत्या. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या भीतीने सगळे एका समाजाकडे संशयाने पाहत असताना, न्या. टी. व्ही. नलवडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवर नोंदवलेले गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे निकालात स्पष्ट लिहिले. खटला चालवून निकाल देण्याइतकेच, जो खटला उभाच राहू नये तो मुळात थांबवणे हेही हायकोर्टाचे काम आहे.

आणि पुन्हा परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यघटनेच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात उसळलेल्या प्रक्षोभात धरपकड झाली. पकडलेल्यांतला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला कोठडीत मरण पावला. त्याची आई औरंगाबाद खंडपीठात आली. साडेपाचशे किलोमीटरच्या जागी दोनशेच्या आत, आणि मनमाडला उतरायचे कारण नाही. न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले, तिथे ३० जुलैला तो आदेश कायम राहिला. घटना घडल्यापासून आठ महिन्यांच्या आत हे झाले. मानवतचे दप्तर परभणीहून मुंबईला जाऊन दिल्लीत निकाली निघायला शेवटच्या खुनानंतर तीन वर्षांवर काळ लागला होता. दोन्ही प्रकरणांची जात वेगळी आहे, तुलना ताणू नये. पण १९७४ मध्ये परभणीची एक आई फोर्टात जाऊन सरकारविरुद्ध उभी राहिली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

औरंगाबादच्या भांडणात जे कलम वाचले ते अजून कामाचे आहे. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी कलम ५१(३) खालीच अधिसूचना काढली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले.